मदरबोर्ड घेण्यापूर्वी त्याचे पोर्ट आणि जोडण्या कशा पारखाव्यात

मदरबोर्ड निवडताना नवखे लोक प्रोसेसरचे सॉकेट जुळते की नाही आणि रॅम कोणत्या प्रकारची लागते हे बहुधा नीट तपासतात. जोडण्यांचा विचार मात्र खोक्यावरची यादी वाचून संपवतात. त्या यादीत चार एम.२ स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवण्याच्या जागा), सहा साटा पोर्ट (केबलने डिस्क जोडण्याच्या जागा), तीन लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डे बसवण्याच्या खाचा) असे आकडे छापलेले असतात आणि ते खोटेही नसतात, परंतु हे सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालेल असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. बोर्डावर दिसणाऱ्या जागा आणि प्रत्यक्षात वापरता येणाऱ्या जागा यांतला हा फरक खरेदीपूर्वीच ओळखता येतो आणि त्यासाठी बोर्ड हातात असण्याचीही गरज नसते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील तपशिलांचे पान, तिथूनच विनामूल्य उतरवून घेता येणारे मॅन्युअल आणि बोर्डाचे समोरून व मागील पॅनेलच्या बाजूने काढलेले स्पष्ट फोटो एवढे साहित्य पुरते.

पायरी १: बोर्डाआधी आपल्या उपकरणांची यादी

बोर्ड पाहायला लागण्याआधी संगणकाला काय काय जोडायचे आहे ते कागदावर लिहून काढावे. समजा, एका व्यक्तीकडे एक ग्राफिक्स कार्ड, दोन एनव्हीएमई एसएसडी (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणाऱ्या वेगवान एसएसडी), जुन्या संगणकातून काढलेल्या दोन साटा हार्ड डिस्क आणि एक्स४ जोडणी (अर्थ पुढच्या पायरीत) मागणारे एक कॅप्चर कार्ड, म्हणजे बाहेरून आलेले चित्र संगणकात मुद्रित करणारे कार्ड, आहे. बाहेरून कीबोर्ड, माउस, वेबकॅम, प्रिंटर आणि वायरलेस हेडसेटचा डोंगल कायम लागलेले असतात, तर बाहेरची एसएसडी आणि पेनड्राइव्ह अधूनमधून लावावे लागतात. म्हणजे पाच यूएसबी पोर्ट कायमचे गुंतले आणि निदान दोन मोकळे हवेत. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हीच यादी आपण वापरणार आहोत.

या यादीत एक गोष्ट हमखास सुटते. पाण्यावर चालणारे कूलर, रंगीत दिव्यांचे नियंत्रक आणि स्लॉटमध्ये बसणारी वाय-फाय कार्डे यांपैकी बरीच उपकरणे बोर्डावरचा यूएसबी २.० चा आतला हेडर (केबल लावण्यासाठी बोर्डावर असलेला पिनांचा गट) मागतात. वाय-फाय कार्डावरचे ब्लूटूथ तर सहसा त्या हेडरला केबल लावल्याशिवाय चालतच नाही. त्यामुळे कॅबिनेटच्या आत राहणाऱ्या वस्तूही यादीत आल्याच पाहिजेत. येत्या तीन-चार वर्षांत वाढतील अशा वस्तूंसाठी वेगळा रकाना ठेवावा. आणखी एक एसएसडी बसवण्याची गरज त्यात बहुतेक सर्वांनाच पडते.

पायरी २: लेन कुठून येतात ते समजून घ्या

पीसीआय एक्सप्रेस ही जोडणी लेनच्या, म्हणजे माहिती ने-आण करणाऱ्या समांतर वाटांच्या, हिशेबाने चालते. एक्स१, एक्स४, एक्स८, एक्स१६ हे आकडे म्हणजे त्या स्लॉटला मिळालेल्या लेनची संख्या. एका लेनचा एका दिशेचा वेग तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे १ जीबी, चौथ्या पिढीत सुमारे २ जीबी आणि पाचव्या पिढीत सुमारे ४ जीबी असतो. एनव्हीएमई एसएसडी साधारणपणे चार लेन वापरते, म्हणून चौथ्या पिढीच्या एसएसडीचा वेग ७ जीबीच्या आसपास जाऊन थांबतो.

या लेन दोन ठिकाणांहून येतात. काही थेट प्रोसेसरमधून निघतात आणि बाकीच्या चिपसेटमधून, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्डावरची इतर साधने यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपमधून. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवरील बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून ग्राफिक्स कार्डासाठी पाचव्या पिढीच्या १६ आणि एसएसडीसाठी चौथ्या पिढीच्या ४ लेन मिळतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरील रायझन ७००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून चिपसेटकडे जाणाऱ्या ४ लेन वगळता २४ लेन वापरासाठी उरतात. बोर्डावरची इतर बहुतेक सगळी साधने, म्हणजे उरलेले एम.२ स्लॉट, साटा, नेटवर्क आणि बरेचसे यूएसबी पोर्ट, चिपसेटवर टांगलेली असतात.

चिपसेटची ही बाजू म्हणजे इमारतीतल्या सगळ्या नळांना पुरवठा करणारी एकच मुख्य नळी आहे. बी७६० चिपसेटच्या बोर्डावर ही नळी चौथ्या पिढीच्या ४ लेनइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबीची असते. झेड७९० मध्ये ती ८ लेनची, म्हणून दुप्पट. घरगुती वापरात ही मर्यादा क्वचितच जाणवते, कारण सगळे नळ एकदम सोडण्याची वेळ येत नाही. मात्र ज्याला कॅप्चर कार्डावरून ध्वनिचित्रमुद्रण चालू असतानाच मोठ्या फायली एका एसएसडीवरून दुसरीकडे हलवायच्या असतात, त्याने कोणती वस्तू प्रोसेसरवर आणि कोणती चिपसेटवर जाते हे आधीच ठरवलेले बरे. कार्यप्रणालीची एसएसडी प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ स्लॉटमध्ये ठेवणे हा साधा नियम बहुतेकांना पुरतो. हा स्लॉट बोर्डावर सहसा प्रोसेसरच्या सॉकेटखाली, पहिल्या लांब स्लॉटच्या वर असतो, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करावी.

अनेक मॅन्युअलांत सुरुवातीच्या पानांवर ब्लॉक डायग्राम दिलेला असतो. मध्यभागी प्रोसेसर, खाली चिपसेट आणि दोघांपासून निघणाऱ्या रेषांच्या टोकांना एकेक स्लॉट अशी ती आकृती असते. नवख्या माणसाने मॅन्युअलमधले एकच पान वाचायचे ठरवले, तर हेच वाचावे.

पायरी ३: तळटिपा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण पैसे वाया जातात ते इथेच. चिपसेटकडे लेन मर्यादित असतात आणि बोर्डावर जागा जास्त काढलेल्या असतात; म्हणून उत्पादक एकच लेन दोन ठिकाणी जोडून ठेवतो आणि त्यांपैकी एक ठिकाण वापरले की दुसरे बंद होते. ही माहिती तपशिलांच्या पानावर बारीक अक्षरांत, फुलीच्या खुणेनंतर दिलेली असते. तिचे नेहमीचे प्रकार तीन.

पहिला प्रकार एम.२ आणि साटा यांच्या वाटणीचा. अमुक एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवल्यास पाचवा आणि सहावा साटा पोर्ट चालणार नाही, असे तिथे लिहिलेले असते. काही बोर्डांवर ही अट त्या स्लॉटमध्ये साटा प्रकारची एसएसडी बसवली तरच लागू होते आणि एनव्हीएमई बसवल्यास काहीच बंद होत नाही. म्हणून वाक्य शेवटपर्यंत वाचावे.

दुसरा प्रकार एम.२ आणि खालचा लांब स्लॉट यांच्यातला. इथे तिसऱ्या किंवा चौथ्या एम.२ स्लॉटमध्ये काही बसवले की सगळ्यात खालचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट बंद होतो किंवा एक्स४ वरून एक्स२ वर उतरतो.

तिसरा प्रकार ग्राफिक्स कार्डाच्या लेनवर हात घालणारा असतो. एलजीए १७०० च्या प्रोसेसरकडे पाचव्या पिढीच्या लेन फक्त ग्राफिक्स कार्डापुरत्या आहेत. त्यामुळे झेड७९० च्या ज्या बोर्डांवर पाचव्या पिढीचा एम.२ स्लॉट दिलेला असतो, तिथे त्यात एसएसडी बसवताच ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट एक्स१६ वरून एक्स८ वर येतो. प्रत्यक्ष खेळात किंवा कामात यामुळे पडणारा फरक बहुधा थोडाच असतो, तरीही हे आपल्या निर्णयाने व्हावे, नकळत होऊ नये.

आता आपली यादी एखाद्या बोर्डावर मांडून पाहू. समजा, बोर्डावर तीन एम.२ स्लॉट, चार साटा पोर्ट आणि दोन लांब स्लॉट आहेत. दुसरा लांब स्लॉट चिपसेटवरून एक्स४ चालतो आणि तळटीप सांगते की तिसरा एम.२ स्लॉट वापरल्यास हा दुसरा लांब स्लॉट बंद होईल. दोन एनव्हीएमई पहिल्या दोन एम.२ स्लॉटांत गेल्या, हार्ड डिस्क साटावर गेल्या, कॅप्चर कार्ड दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये बसले. आज सगळे जुळले. पण भविष्याच्या रकान्यात लिहिलेली तिसरी एसएसडी आणली की तिच्यात आणि कॅप्चर कार्डात निवड करावी लागेल. तेव्हा तीन एम.२ असलेला हा बोर्ड आपल्यापुरता दोन एम.२ चाच आहे, असे यादीशेजारी स्पष्ट लिहावे आणि मगच दुसऱ्या बोर्डाशी तुलना करावी.

पायरी ४: स्लॉटची लांबी, खरी जोडणी आणि अंतर

लांब स्लॉट दिसला म्हणजे तो एक्स१६ आहे असे धरून चालू नये. पहिला स्लॉट सोडला तर बहुतेक बोर्डांवरचे लांब स्लॉट आतून एक्स४ किंवा अगदी एक्स१ एवढेच जोडलेले असतात. तपशिलांत ते एक्स४ मोडमध्ये चालतात अशा शब्दांत नोंदवलेले असते. फोटो पुरेसा मोठा असेल तर स्लॉटच्या आत डोकावून पाहता येते: सोनेरी संपर्कपट्ट्या पूर्ण लांबीभर दिसल्या तर जोडणी मोठी, थोड्याच भागात दिसल्या तर छोटी. आपल्या कॅप्चर कार्डाला एक्स४ हवे असेल आणि स्लॉट लांब असूनही आतून एक्स१ असेल, तर कार्ड बसेल, पण त्याला हवा तेवढा वेग मिळणार नाही.

यानंतर जाडी पाहावी. शेजारशेजारच्या दोन स्लॉटांतले अंतर २०.३२ मिमी असते. आजची अनेक ग्राफिक्स कार्डे अडीच ते साडेतीन स्लॉट जाडीची असतात, म्हणजे तीन स्लॉट जाडीचे कार्ड आपल्या खालच्या दोन स्लॉटांच्या जागा झाकून टाकते. कॅप्चर कार्डासाठी निवडलेला स्लॉट याच सावलीत येत असेल, तर तळटिपा कितीही अनुकूल असल्या तरी तो उपयोगाचा नाही. कार्डाच्या पंख्यांना हवा ओढायला खाली थोडी मोकळी जागा लागते, हेही इथेच हिशेबात घ्यावे. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमीचा असतो आणि त्यात सात स्लॉटांपर्यंत जागा असते. मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ मिमीचा, चार स्लॉटांचा. मिनी आयटीएक्स १७० × १७० मिमीचा, एकाच स्लॉटचा. ज्याच्या यादीत ग्राफिक्स कार्डाखेरीज एकही कार्ड नाही, त्याने मोठ्या बोर्डाचा आग्रह धरू नये.

साटा पोर्टांची दिशाही फोटोत तपासावी. बोर्डाच्या कडेला आडवे बसवलेले पोर्ट लांब कार्डाखालीही वापरता येतात. बोर्डाच्या पृष्ठभागावर उभे ठेवलेले पोर्ट मात्र कार्डाच्या टोकाखाली सापडले, तर केबल लावायला बोटे शिरत नाहीत.

पायरी ५: एम.२ स्लॉट

एम.२ हे आकाराचे नाव आहे. त्यातून एनव्हीएमई चालेल की साटा, हे प्रत्येक स्लॉटसाठी वेगळे पाहावे लागते. नव्या बोर्डांवर कित्येक स्लॉट फक्त एनव्हीएमई स्वीकारतात, त्यामुळे जुन्या लॅपटॉपमधून काढलेली एम.२ साटा एसएसडी तिथे बसली तरी ओळखली जात नाही. लांबीसाठी २२४२, २२८० आणि २२११० असे आकडे दिसतात. त्यातले २२ म्हणजे मिमीमधील रुंदी आणि उरलेले आकडे म्हणजे लांबी. बाजारातील बहुतेक एसएसडी २२८० असतात. वाय-फाय कार्डासाठीचा छोटा एम.२ स्लॉट वेगळ्या खाचेचा असतो, तो एसएसडीच्या संख्येत धरू नये.

ग्राफिक्स कार्डाखाली दडलेल्या स्लॉटमधली एसएसडी बदलायची तर आधी कार्ड काढावे लागते. वारंवार बदलायची डिस्क अशा ठिकाणी ठेवू नये, एवढे पुरे.

पायरी ६: मागचे पॅनेल

मागच्या पॅनेलवर सगळ्यात जास्त गोंधळ यूएसबीच्या नावांचा होतो. सेकंदाला ५ गिगाबिट वेगाचा एकच पोर्ट यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ अशा तीन नावांनी ओळखला गेला आहे. म्हणून नाव बाजूला ठेवून वेगच लिहावा: यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, ३.२ जेन १ म्हणजे ५ गिगाबिट, जेन २ म्हणजे १० गिगाबिट, जेन २×२ म्हणजे २० गिगाबिट आणि यूएसबी४ च्या पोर्टांवर बहुधा ४० गिगाबिट. टाइप-सी हा केवळ आकार आहे. त्यामागे ५ गिगाबिटही असू शकतात आणि ४० ही. टाइप-सी पोर्टमधून मॉनिटर चालवायचा असेल तर डिस्प्लेपोर्टची सोय तपशिलांत स्पष्ट लिहिलेली हवी, ती गृहीत धरू नये. प्लॅस्टिकच्या रंगांवरही विसंबू नये, कारण निळा, लाल, फिरोजी हे रंग प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने वापरतो.

खोक्यावरची यूएसबी पोर्टांची एकूण संख्या मागचे पोर्ट आणि आतले हेडर मिळून सांगितलेली असते. फोटोत मागचे पोर्ट स्वतः मोजावेत. आपल्या यादीत पाच उपकरणे कायमची आहेत आणि दोन पोर्ट मोकळे हवेत, तेव्हा मागे सातपेक्षा कमी पोर्ट असलेला बोर्ड मी बाजूला ठेवीन, मग त्यातला एखादा पोर्ट कितीही वेगवान असो. कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर यांना यूएसबी २.० पुरते; म्हणून मागे दोन-तीन २.० पोर्ट असणे ही उणीव समजू नये. उलट त्यांचा एक खास उपयोग आहे. यूएसबी ३ च्या ५ गिगाबिट जोडणीतून निर्माण होणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि वायरलेस माउस, कीबोर्ड व हेडसेटचे बरेचसे डोंगल याच पट्ट्यात काम करतात. बाहेरच्या एसएसडीला लागूनच डोंगल लावल्यावर माउस अडखळू लागला, तर दोष माउसचा असेलच असे नाही. म्हणून फोटोत २.० चे पोर्ट वेगवान पोर्टांपासून किती दूर आहेत तेही पाहावे.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे पोर्ट प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तरच चालतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी एफ आहे त्यांत ते नसते. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये ते नावात जी असलेल्या मालिकेत असते, तर रायझन ७००० मध्ये शेवटी एफ असलेले सोडून बाकीच्यांत साधे ग्राफिक्स असतेच.

नेटवर्क पोर्ट सहसा १ किंवा २.५ गिगाबिटचा असतो. घरातला राउटर १ गिगाबिटचाच असेल तर जास्त वेगाचा लाभ होणार नाही, तरी नव्या बोर्डात २.५ गिगाबिट सहज मिळत असेल तर तो घ्यावा. ध्वनीसाठी तीन जॅक बहुतेकांना पुरतात. अनेक स्पीकरांची मांडणी किंवा ऑप्टिकल केबल वापरणाऱ्यांनी पाच जॅक आणि ऑप्टिकल पोर्ट शोधावा. पेनड्राइव्हवरून थेट बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत करण्याचे बटण मात्र प्रत्येक नवख्याने पाहावे असे मला वाटते. बोर्डापेक्षा नवा प्रोसेसर घेतला आणि जुन्या बायोसने तो ओळखलाच नाही, तर दुसरा प्रोसेसर न शोधता अडचण सुटते ती याच बटणाने.

पायरी ७: आतले हेडर

आता कॅबिनेटची माहिती समोर ठेवावी. पुढच्या बाजूला दोन यूएसबी ३ पोर्ट असतील तर बोर्डावर १९ पिनांचा हेडर लागतो. पुढे टाइप-सी असेल तर त्यासाठी वेगळा, छोटा, धातूच्या आवरणाचा हेडर लागतो. तो नसेल तर कॅबिनेटचा तो पोर्ट शोभेपुरता उरतो. यूएसबी २.० चा नऊ पिनांचा एक हेडर दोन पोर्ट चालवतो. कूलर आणि वाय-फाय कार्ड दोन्ही घेणाऱ्याला असे निदान दोन हेडर हवेत.

पंख्यांच्या हेडरची संख्या कॅबिनेटमधल्या पंख्यांशी ताडून पाहावी. चार पिनांच्या पंख्याचा वेग पीडब्ल्यूएम पद्धतीने, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या संकेताने, बदलतो. तीन पिनांचा पंखा त्याच हेडरवर बसतो, पण त्याचा वेग व्होल्टेज बदलून नियंत्रित करावा लागतो आणि ती सोय त्या हेडरवर आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. साध्या हेडरची मर्यादा बहुधा १ अँपिअर असते, त्यामुळे एकाच हेडरवर अनेक पंखे जोडण्याआधी त्यांच्या विद्युतप्रवाहाची बेरीज करावी.

दिव्यांच्या हेडरबाबत काळजी अत्यावश्यक आहे. तीन पिनांचा हेडर ५ व्होल्टचा आणि चार पिनांचा १२ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या हेडरवर लावल्यास ती जळू शकते. पिन जबरदस्तीने बसवू नयेत आणि हेडरशेजारी छापलेले व्होल्टेज वाचल्याशिवाय केबल लावू नये.

प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचा आठ पिनांचा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. काही बोर्डांवर त्यासोबत आणखी चार किंवा आठ पिना असतात. आपल्या पॉवर सप्लायकडे तेवढ्या केबल आहेत का, ते पाहून ठेवावे.

पायरी ८: कागदावर जोडणी आणि हातात आल्यावर तपासणी

निवडीत उरलेल्या दोन-तीन बोर्डांसाठी वेगवेगळा कागद घ्यावा, मॅन्युअलमधील बोर्डाचा नकाशा त्यावर ढोबळमानाने काढावा आणि यादीतली प्रत्येक वस्तू त्यावर एकेक करून बसवावी. वस्तू बसवताच तिच्यामुळे बंद होणाऱ्या जागेवर फुली मारावी आणि ग्राफिक्स कार्डाखाली येणारे स्लॉट रेघा मारून भरून टाकावेत. आज लागणाऱ्या सगळ्या वस्तू बसल्यावर एक एम.२ स्लॉट आणि मागचे दोन यूएसबी पोर्ट मोकळे राहत असतील, तर तो बोर्ड पुरेसा आहे. त्याहून महागडा बोर्ड केवळ जास्त आकड्यांसाठी घेण्याचे कारण उरत नाही. एखाद्या वस्तूला जागा मिळाली नाही, तर ती वस्तू यूएसबीवर हलवता येईल का, हे बोर्ड बदलण्याआधी पाहावे. साउंड कार्ड किंवा वाय-फाय अशा रीतीने सहज हलते, एक्स४ मागणारे कॅप्चर कार्ड तेवढे सहज हलत नाही.

बोर्ड जोडून झाल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक पोर्ट एकदा वापरून पाहावा. मागच्या आणि पुढच्या सर्व यूएसबी पोर्टांत एकच वेगवान पेनड्राइव्ह किंवा बाहेरची एसएसडी आळीपाळीने लावून मोठी फाइल उतरवावी आणि वेग टिपून ठेवावा. ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडसारख्या प्रणालीत ग्राफिक्स कार्ड किती लेनवर चालले आहे ते दिसते. संगणक निवांत असताना वीज वाचवण्यासाठी जोडणीची पिढी खाली उतरलेली दिसू शकते, म्हणून कार्डावर भार असताना हा आकडा वाचावा. एक्स१६ च्या कार्डासमोर तिथे एक्स८ दिसले, तर आधी तिसऱ्या पायरीतली वाटणी आठवावी आणि पाचव्या पिढीच्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली आहे का ते बघावे. तसे काही नसेल तर संगणक बंद करून, वीज तोडून कार्ड काढावे, स्लॉट स्वच्छ आहे का ते पाहावे आणि खटक्याचा आवाज येईपर्यंत कार्ड पुन्हा नीट बसवावे. तरीही आकडा बदलला नाही, तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे भिंगातून तपासावे आणि त्यानंतरच बोर्ड बदलून मागावा.